एन-गेदीच्या ओढ्याकांठची सोपी वाट

सुटीचे दिवस जवळ आले कीं शाळाशाळांतून सहलींच्या गोष्टी सुरू होतात. कोणी दुर्घट गड चढून आलेला असतो, कोणी एका दिवसांत पांच प्रसिद्ध स्थळें पाहून आलेला असतो. आणि ज्याच्या सहलींत अंतर अधिक, चढ अधिक, दमछाक अधिक, त्याची वाहवाहि अधिक. जो विद्यार्थी एखाद्या ओढ्याच्या कांठानें मैलभर सावकाश चालून परत आला, त्यानें कांहीं केलें असें कोणासच वाटत नाहीं. पालकहि अशा फिरण्यास वेळ घालविणें म्हणतात. हें मत आम्हांस चुकीचें वाटतें. सोप्या वाटेनें, ओढ्याच्या सोबतीनें, डोळे उघडे ठेवून चालणें हा शिक्षणाचा आवश्यक भाग आहे आणि प्रत्येक शाळेनें त्यास आपल्या वर्षक्रमांत जागा द्यावी, असें आमचें म्हणणें आहे. या म्हणण्याला साक्षीदार म्हणून आम्ही एका रुक्ष देशांतील ओढ्याला बोलावितों. त्या स्थळाचें नांव आपल्या विद्यार्थ्यांनीं शास्त्राच्या तासाला ऐकलें आहे; परंतु तो ओढा आजहि वाहतो आणि त्याच्या कांठानें लहान मुलेंहि चालूं शकतात, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानांत असेल.

तें स्थळ म्हणजे एन-गेदी. इब्री भाषेंत या नांवाचा अर्थ 'करडाचा झरा' असा होतो. यहूदाच्या अरण्याचा उंच कडा जेथें एकाएकीं खालीं उतरून मृत समुद्राच्या पश्चिम तीराला येऊन भिडतो, तेथें हें स्थळ आहे. या समुद्राचा पृष्ठभाग महासागराच्या सपाटीपेक्षां ४३० मीटरांहूनहि अधिक खोल आहे. त्याचें पाणी महासागराच्या पाण्याहून सुमारें दहापट खारट. त्यांत मासा जगत नाहीं. तीरावर सबंध वर्षांत १०० मिलिमीटर पाऊसहि पडत नाहीं. आपल्याकडे कोंकणांत पावसाळ्यांतील एखाद्या दिवसांत याहून अधिक पाऊस पडून जातो. अशा या भाजलेल्या भूमींत गोड्या पाण्याचे चार झरे आहेत आणि नाहाल दावीद व नाहाल अरुगोत हे दोन ओढे बारा महिने वाहतात. नाहाल म्हणजे ओढा. त्यालाच अरबी भाषेंत वादी म्हणतात.

पाऊस नाहीं, तर पाणी आलें कोठून? हा प्रश्न विचारल्यावांचून जो विद्यार्थी पुढें जाईल त्याची सहल वायां गेली असें समजावें. उत्तर असें आहे कीं, पश्चिमेस यरुशलेम व हेब्रोन यांच्या डोंगरांवर हिवाळ्यांत बऱ्यापैकीं पाऊस होतो. यरुशलेमेस वर्षाला ५०० मिलिमीटरांहून अधिक. तेथील खडक चुनखडीचा आणि भेगांनीं भरलेला. पाणी त्यांत मुरतें, भूमीच्या पोटांतून हळूहळू पूर्वेकडे सरकतें, आणि खालीं पाणी न झिरपूं देणारा थर लागला म्हणजे कड्याच्या अंगांतून बाहेर पडतें. डोंगरावर पडलेला थेंब अशा रीतीनें अरण्याच्या खालून प्रवास करून समुद्रकांठीं प्रकट होतो. एन-गेदीच्या झऱ्यांचें एका वर्षाचें पाणी सुमारें तीस लक्ष घनमीटर, म्हणजे तीनशें कोटि लिटर, भरतें. भूगोलाच्या पुस्तकांतील 'भूजल' हा शब्द येथें पायांना ओला लागतो.

नाहाल दावीदच्या खालच्या भागांतील वाट अगदीं सोपी आहे. आरंभींचा कांहीं भाग तर चाकांच्या खुर्चींत बसलेल्या मनुष्यालाहि जातां येईल असा केलेला आहे. पुढें दगडी पायऱ्या आहेत, लहान लहान धबधबे आणि डोह आहेत, दोन्ही बाजूंस बोरूचीं व वेताळ गवताचीं दाट बेटें आहेत. आणि शेवटीं दावीदचा धबधबा उंच कड्यावरून पडतांना दिसतो. सावकाश जाऊन येण्यास एक-दोन तास पुरतात. एका बाजूस हात लांबवावा तर भाजलेला खडक, दुसऱ्या बाजूस लांबवावा तर ओलें शेवाळ; जीवन आणि निर्जळ यांच्यामधील अंतर किती थोडें आहे, हें येथें हातानें मोजतां येतें.

या वाटेवर मराठी मुलाला ओळखीचे पुष्कळ भेटतील. कड्याच्या ओल्या अंगाला लोंबणारा नाजूक नेचा म्हणजे आपला हंसराज. कोरड्या भागांतील काटेरी झाड आपल्या बोरीच्या कुळांतलें. दुसरें एक झाड आपल्या शेवग्याचें सगें. तिसरें बाभळीचें, निवासमंडपाच्या कामीं जें बाभळीचें लांकूड वापरल्याचें आपण शास्त्रांत वाचतों तें याच कुळांतलें. आपल्या माळावर वाढणाऱ्या रुईची एक जात तेथें 'सदोमाचें फळ' या नांवानें प्रसिद्ध आहे. तिचें फळ बाहेरून टपोरें व मोहक दिसतें, फोडलें तर आंत वारा आणि रेशमी कापूस. गीतरत्नांत एन-गेदीच्या मळ्यांचा उल्लेख आला आहे तो मेंदीच्या फुलोऱ्याबरोबर, आणि मेंदी ती आपलीच. शास्त्रांतील देश हा कोठें आकाशांत नसून त्याच्या मातींत आपल्या परसांतील झाडांचीं भावंडें उगवतात, हें ज्याला एकदां कळलें त्याला शास्त्राचा तासहि निराळा वाटूं लागेल.

माणसांचा संबंधहि आहे. आपल्या कोंकणांत शतकानुशतकें राहून, तेल गाळण्याचा धंदा करून आणि शब्बाथाचा दिवस पाळून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेलेले बेने इस्रायल लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येनें त्या देशीं गेले. त्यांतील पुष्कळ जण दिमोना, बेरशेबा यांसारख्या दक्षिणेकडील कोरड्या प्रदेशांतील नगरांत राहिले. त्यांनीं तेथें 'मायबोली' या नांवाचें मराठी नियतकालिकहि चालविलें. ज्या मुलांच्या आज्या मराठींत गोष्टी सांगत, त्यांना एन-गेदीचा ओढा हा एका दिवसाच्या सहलीच्या टप्प्यांतला होता.

प्राण्यांचेंहि तसेंच. दुपारीं पाण्यावर उतरणारे रानबोकड, ज्यांना इब्री भाषेंत 'याएल' म्हणतात, माणसांच्या समोरून निर्भयपणें जातात. नराचीं शिंगें मागें वळलेलीं व पुष्कळ लांब असतात. खडकाच्या फटींत सशाएवढा, शेपूट नसलेला एक प्राणी उन्हाला बसलेला दिसतो. तो शास्त्रांतील 'शाफान'. त्याचे जवळचे आप्त म्हणजे हत्ती आणि समुद्रगाय, हें ऐकून कोणास खरें वाटणार नाहीं. परंतु प्राणिशास्त्र तसें सांगतें. १०४ व्या स्तोत्रांत रानबोकड आणि शाफान यांचा उल्लेख एकाच ओळींत आला आहे, आणि एन-गेदीस ते एकाच कड्यावर दिसतात.

तेथें साळुंकीच्या कुळांतील एक काळा पक्षी आहे. उडाला म्हणजे त्याच्या पंखांवर नारिंगी डाग चमकतो. त्याला ट्रिस्ट्रम या नांवानें ओळखतात. हेन्री बेकर ट्रिस्ट्रम (१८२२–१९०६) हे इंग्लंडांतील एक धर्मोपदेशक होते. त्यांनीं पॅलेस्टाईनांत हिंडून तेथील पशु, पक्षी आणि वनस्पति यांचा अभ्यास केला व १८६७ मध्यें बायबलांतील सृष्टीविषयीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यासपीठावरून ज्या झाडाचें नांव घ्यावयाचें तें झाड पाहिलेलें असावें, ही त्यांची निष्ठा आम्हांस अनुकरणीय वाटते. ज्ञान आणि भक्ति यांच्यामध्यें भिंत घालण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनीं या पक्ष्याचें नांव आठवावें.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप पालकांचा: परीक्षा तोंडावर असतां ओढ्याकांठीं फिरण्यास वेळ कोठें आहे? यावर आमचें उत्तर असें कीं, वर सांगितलेल्या एका तासांत भूगोल, भूस्तरशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि शास्त्रवाचन अशा पांच विषयांची उजळणी झाली, आणि ती पाठांतरानें झाली नाहीं. पुस्तकांतील धडा परीक्षेनंतर विसरला जातो. स्वतःच्या डोळ्यांनीं शोधलेलें उत्तर सहसा विसरत नाहीं.

दुसरा आक्षेप धाडसाची आवड असलेल्या तरुणांचा: सोप्या वाटेनें माणूस दुबळा होतो, अंगांत बळ यावयाचें तर कठीण चढच पाहिजे. चढास आमचा विरोध नाहीं. परंतु याच एन-गेदीच्या खडकांत घडलेली गोष्ट पाहा. शौल राजा तीन सहस्र निवडक माणसें घेऊन दावीदाच्या शोधांत रानबोकडांच्या कड्यांवर आला. दावीद आपल्या सोबत्यांसह गुहेच्या आंतल्या भागांत लपला होता. त्याच गुहेंत शौल एकटा शिरला. सोबती म्हणाले, हीच संधि. दावीदानें राजाच्या झग्याचा कांठ तेवढा कापून घेतला आणि त्याला जिवंत जाऊं दिलें. त्या दिवशीं कडा चढणारे शूर तीन सहस्र होते, पण कथा उरली ती हात आवरणाऱ्या एकाची. ज्याला हातांतील शस्त्र आवरतां येतें त्याचें बळ मोठें, असें आम्हांस वाटतें. आणि हें आवरण्याचें बळ सोप्या वाटेवरच अधिक कसाला लागतें. कड्यावर मनुष्य भीतीमुळेंच सावध असतो. ओढ्याकांठीं त्याला अडविणारें कोणी नसतें. फांदी मोडावी, दगड फेकावा, खडकावर आपलें नांव कोरावें, फराळाचे कागद मागें टाकावे, पाण्यांत साबण लावून अंग धुवावें, हें सारें तेथें सुलभ असतें. आणि सुलभ असूनहि जो तें करीत नाहीं, त्याला शिक्षण लागलें असें म्हणावें. एन-गेदीच्या राखीव भागांत अन्न खाण्यास मनाई आहे. उष्टें-खरकटें खाऊन रानबोकड आणि शाफान यांच्या संवयी बिघडूं नयेत, हा असा नियम करण्यामागचा विचार. एक-दोन तास भूक आवरणें ही कांहीं मोठी तपश्चर्या नव्हे.

तिसरा आक्षेप भयाचा, आणि तो आम्ही हलका मानीत नाहीं. वाळवंटांतील ओढा पुराच्या वेळीं फार घातकी असतो. पाऊस दूर डोंगरांवर पडतो. ओढ्यांतील माणसाच्या डोक्यावर आकाश निरभ्र असूं शकतें. कोरडा खडक पाणी पीत नाहीं, म्हणून सारा लोंढा अरुंद घळींतून एकदम खालीं येतो. २६ एप्रिल २०१८ या दिवशीं मृत समुद्राच्या दक्षिणेकडील नाहाल त्झाफीत या ओढ्यांत सहलीस गेलेल्या तरुण-तरुणींवर असाच लोंढा आला आणि दहा जणांचे प्राण गेले. हवामानाचा इशारा आधीं दिलेला होता. ही हकीकत सांगतांना लेखणी जड होते; पण ती लपविणें अधिक वाईट. सोपी वाट सोपी असते ती योग्य दिवशीं. आकाशाकडे आणि सूचनेकडे पाहून 'आज जावयाचें नाहीं' असें म्हणण्याचें धैर्य शिक्षकांत असावें, आणि तें ऐकून मुलांनीं तोंड वांकडें करूं नये. जी शाळा अशा दिवशीं माघारी फिरते ती भित्री नव्हे. पालकांनींहि सहलीचे पैसे फुकट गेले म्हणून तक्रार करूं नये.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, सोपी वाट आपोआप सोपी राहत नाहीं. एन-गेदीचा हा भाग १९७१ मध्यें संरक्षित ठरविला गेला, म्हणून तेथें आज रानबोकड निर्भय आहेत. पण संरक्षणासहि सर्वच साधलें नाहीं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील कड्यांवर बिबटे होते. आतां ते नाहींसे झाले आहेत. झऱ्यांचें पुष्कळसें पाणी शेतीला नेलें जातें, कांहीं बाटल्यांत भरून विकलेंहि गेलें आहे. त्यांतून ओढ्यासाठीं किती सोडावें हा वादाचा प्रश्न आहे. आणि ज्या समुद्राच्या दिशेनें हा ओढा वाहतो तो समुद्रच दूर चालला आहे. यार्देन नदीचें व तिच्या उपनद्यांचें पाणी भोंवतालच्या देशांनीं वरच्या वर वळवून घेतलें; दक्षिण टोंकास क्षार काढण्यासाठीं समुद्राचें पाणी मोठमोठ्या तलावांत आटविलें जातें. त्यामुळें समुद्राची पातळी दर वर्षी एक मीटरांहून अधिक उतरते. समुद्र मागें हटला कीं भूमीखालच्या मिठाच्या थरांत गोडें पाणी शिरतें, मीठ विरघळतें, आंत पोकळी होते आणि वरची जमीन एके दिवशीं अवचित खचते. एन-गेदीचा सार्वजनिक स्नानाचा किनारा अशाच खड्ड्यांमुळें बंद करावा लागला.

यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनांत एक नदी वाहत येऊन या क्षारसमुद्राला गोड करते आणि एन-गेदीच्या तीरावर कोळी जाळीं पसरतात. त्या दर्शनांत पाणी समुद्राकडे येतें. आज मनुष्यानें पाणी समुद्रापासून तोडलें आहे. कोणा एका दुष्टानें हें केलें असें नाहीं. प्रत्येकानें आपल्या शेतापुरतें, आपल्या गांवापुरतें, आपल्या देशापुरतें घेतलें, आणि प्रत्येकाचें कारण ऐकतांना रास्तच वाटतें. म्हणूनच ही गोष्ट मुलांनीं लहानपणीं शिकली पाहिजे. कारण पुढें हींच मुलें शेतकरी, कारखानदार, अधिकारी आणि मतदार होणार. ज्यानें ओढा कधीं पायांनीं ओळखला नाहीं, त्याला तो आटल्याची वार्ता केवळ एक आंकडा वाटेल.

एन-गेदीची आणखी एक गोष्ट सांगतों. तेथें प्राचीन काळीं यहूदी लोकांचें गांव होतें. सुगंधी रसाच्या झुडपांसाठीं तें प्रसिद्ध होतें. त्यांच्या सभास्थानाच्या रंगीत खड्यांच्या फरशींत एक लेख आहे. गांवांत कलह माजविणाऱ्याला, शेजाऱ्याची चहाडी करणाऱ्याला, चोरी करणाऱ्याला आणि गांवचें गुपित फोडणाऱ्याला त्यांत शाप दिला आहे. गुपित म्हणजे त्या सुगंधी रसाची कृति असावी असा विद्वानांचा तर्क आहे. तें गांव जळालें. १९७० मध्यें त्या सभास्थानाच्या उत्खननांत कोळसा होऊन गेलेली एक गुंडाळी सांपडली. ती उलगडूं गेल्यास भुगा झाला असता, म्हणून ती तशीच ठेवली. पुढें पंचेचाळीस वर्षांनीं शास्त्रज्ञांनीं तिच्या आंतील थरांची क्ष-किरणांनीं चित्रें घेतलीं, गणकयंत्राच्या साह्यानें ते थर पडद्यावर उलगडले, आणि गुंडाळीला हात न लावतां तींतील अक्षरें वाचलीं. तो लेवीय ग्रंथाचा आरंभ निघाला.

न फोडतां वाचणें! निसर्गांत चालण्याची रीति याहून थोडक्यांत सांगतां येणार नाहीं. फूल न तोडतां ओळखावें, घरट्याला हात न लावतां पिलें मोजावीं, दगड उचलून पाहिला तर तो पुन्हां होता तसा ठेवावा. ज्या पुस्तकाची दुसरी प्रत नाहीं तें पुस्तक असेंच वाचावयाचें असतें.

आपल्यांतील बहुतेकांस एन-गेदीस जाण्याचा योग येणार नाहीं, आणि त्या भूमीवरील कलहाची छायाहि अद्याप सरलेली नाहीं. पण आमचें सांगणें त्यावर अवलंबून नाहीं. आमची शाळेला विनंती अशी कीं, प्रत्येक वर्गानें आपल्या जवळचा एक ओढा निवडावा आणि वर्षांतून तीनदां, पावसाळ्याच्या शेवटीं, हिवाळ्यांत आणि उन्हाळ्याच्या तोंडीं, त्याच ओढ्याच्या त्याच मैलभर वाटेनें चालावें. पूर असेल त्या दिवशीं जाऊं नये. बरोबर वही आणि पेन्सिल असावी; फराळ शाळेंत परत आल्यावर करावा. पाणी कोठून येतें, कोठें जातें, मध्यें कोण घेतें आणि कोण घाण करतें, एवढ्या चार प्रश्नांचीं उत्तरें प्रत्येकानें लिहून आणावीं. ज्या विद्यार्थ्याला पाय चालवीत नाहींत त्यालाहि नेतां येईल अशीच वाट निवडावी. कारण जी वाट वर्गांतील एकाला मागें ठेवते ती वर्गाची वाट नव्हे.

आणि पालकांस विनंती अशी कीं, मूल परत आल्यावर 'किती लांब गेला होतास?' असें विचारूं नये. 'काय पाहिलेंस?' असें विचारावें, आणि उत्तर ऐकण्यास थोडा वेळ काढावा.